‘उलटा ठेका’च्या गावात

माझा धाकटा भाऊ नंदू काही वर्षं बुऱ्हाणपुरात राहिला. पॉवरलूमच्या एका कारखान्यात तो सुपरवायझर होता. साताऱ्याहून ते गाव लांब पडतं, आणि दिवाळीला, मे महिन्यात तोच घरी येत असे, त्यामुळे आमच्यापैकी कोणी तिकडे जाण्याची वेळ आली नाही. या थंडीत कावीळ अंगावर काढून तो घरी आला आणि त्यातून उठला नाही. होळी झाल्यावर त्याची खोली रिकामी करायला मी गेले. आल्यापासून कॉलेजच्या ग्रंथालयात, माझ्या टेबलाशी, सवडीने हे लिहिते आहे. घरी लिहायला बसलं की थोड्याच वेळात उठावंसं वाटतं.

शनवारा

स्टेशनवर घ्यायला योगेश आला होता. नंदू नोकरीशिवाय एक बँड चालवायचा हे आम्हाला माहीत होतं. घरी त्याला ‘नंदूचा नाद’ म्हणत. योगेश त्या बँडमध्ये गिटार वाजवतो आणि गातो. फोनवर त्याचा आवाज पोक्त वाटला होता. प्रत्यक्षात पंचविशीतला, काटकुळा, केळीच्या व्यापाऱ्याचा मुलगा निघाला.

“दीदी, बॅग पुढे द्या. तुम्ही दोन्हीकडे पाय टाकून बसा. फक्त सायलेन्सरपासून पाय लांब, हां. नंदूदाच्या गाडीवर जो बसला त्याच्या पायाला निशाण आहे.”

मोटरसायकल नंदूचीच होती. शनवाऱ्याचा दरवाजा, म्हणजे जुन्या गावाची वेस, यायच्या आत माझ्याही घोट्याला ते निशाण पडलं. आरशात त्याला माझं तोंड दिसलं असावं. “लागलं ना?” म्हणाला. “आता तुम्ही बँडच्या झाल्या.”

नंदूची खोली एका लग्नाच्या बँडच्या दुकानावर होती. खाली दाराशी लाल कोट ओळीने टांगलेले, त्यांच्या खांद्यांवर सोनेरी झालर, वरच्या फळीवर टोप्या, आणि भिंतीला टेकून उभा एक मोठा ढोल. दुकान भगवानभाऊंचं. पन्नाशी ओलांडलेले, रुंद छातीचे, ट्रम्पेट वाजवून वाजवून वरच्या ओठाच्या मधोमध एक कायमची खूण पडलेले. ते उठून उभे राहिले, हात जोडले, आणि माझ्या कपाळाकडे पाहून नजर खाली केली. त्या वेळी मला वाटलं, माणूस लाजाळू आहे.

वर खोलीत एक खाट, एक टेबल, कारखान्यातल्या कापडाचे नमुने आणि कोपऱ्यात त्याची बेस गिटार. आवराआवर दुपारभरात संपेल एवढंच सामान. पण मला एका जागी बसवेना. कपाट उघडायचं आणि बंद करायचं, खिडकीशी जायचं, जिन्याच्या तीन पायऱ्या उतरून परत वर यायचं. बुऱ्हाणपूरही तसंच आहे. गल्लीगल्लीतून पॉवरलूमची खटखट चालू असते, रिक्षावाले मराठीत सुरू केलेलं वाक्य हिंदीत संपवतात, आणि दरवाजाखालून केळीने भरलेले टेम्पो एकमेकांना वाट न देता जातात. साताऱ्यात संध्याकाळी रस्ता थोडा सैलावतो. इथे तो तेव्हाच तापतो.

संध्याकाळी खाली गलबला झाला. वरात निघत होती. भगवानभाऊ लाल कोटात, टोपी घालून, ट्रम्पेट आभाळाकडे करून वाजवत होते. मी खिडकीतून पाहत राहिले. मोठा, भरलेला, सगळी गल्ली आपल्याकडे ओढून घेणारा सूर. या माणसाबरोबर नंदू वाजवायचा तर तो नुसता नाद नव्हता, एवढं मला त्या खिडकीत कळलं.

दुकानामागची खोली

दुसऱ्या दिवशी तालीम होती. योगेशने मला हट्टाने बसवलं. दुकानामागे एक लांबट खोली आहे, तिथे आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना जुन्या गोधड्या ठोकल्या आहेत. ड्रमवर रुपाली, भगवानभाऊंची पुतणी. दिवसा शाळेत गणित शिकवते. ट्रॉम्बोनवाले मनोहर, भाऊंचे साडू, फार बोलत नाहीत. आणि योगेश. नंदूची जागा मोकळी ठेवली होती. तिथे मला खुर्ची दिली, मी ती मागे सरकवून घेतली.

बँडचं नाव ‘उलटा ठेका’. त्याचं कारण रुपालीने मला टाळ्या वाजवून समजावलं. आपण भजनाला टाळी देतो तिथे ढोल पडतो. यांच्या संगीतात गिटार दोन टाळ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडते. याला स्का म्हणतात, मूळ जमैका बेटावरचं. पुढे त्यात कुणी कुणी पंकची, म्हणजे धसमुसळ्या रॉकची, घाई आणि आरडाओरडा मिसळला तेव्हा ते स्का-पंक झालं. त्यात ट्रम्पेट, ट्रॉम्बोन लागतातच. जगात इतर ठिकाणी असा बँड काढणाऱ्या पोरांना ती वाद्यं शोधत हिंडावं लागत असेल. नंदूला जिना उतरावा लागला.

गाणं सुरू झालं. रुपाली आणि योगेश जोरात वाजवत होते, आणि मधेच दोघं हात रोखून थांबत. तिथे ट्रम्पेट-ट्रॉम्बोनची ओळ यायची होती. ती आली नाही. भगवानभाऊ आणि मनोहर वाद्यं मांडीवर घेऊन बसले होते, दोन्ही फडक्यात गुंडाळलेली. भाऊंची बोटं फडक्यावरून ट्रम्पेटच्या कळा दाबत होती. ओळ संपली की बोटं थांबत आणि रुपाली पुन्हा सुरू करी. सगळं गाणं असं झालं. दुसरंही.

मला वाटलं, माझ्यामुळे. जिच्या घरात मयत झालं ती बाई समोर बसली आहे म्हणून हे लोक संकोचतात. मी म्हणाले, “भाऊ, माझी काही हरकत नाही. तुम्ही वाजवा.”

“हाव ताई,” भगवानभाऊ म्हणाले. “वाजवू ना.”

आणि वाजवलं नाही.

बाहेर आल्यावर मी योगेशला विचारलं. तो गिटारची वायर गुंडाळत होता. ती त्याने दोनदा सोडली, दोनदा गुंडाळली. “भाऊंची तब्येत थोडी, मतलब, छाती भरून येते,” म्हणाला. आदल्या संध्याकाळी त्याच छातीने अर्धं गाव दणाणून सोडलं होतं. माझ्या मनात एक वाईट शंका आली: नंदूशी यांचं काही बिनसलं होतं की काय.

घोडी

इथली मावा जिलबी प्रसिद्ध आहे. आपल्या जिलबीसारखी पिवळी, कुरकुरीत नव्हे. काळपट, जाड, खव्याची, एका जिलबीत माणूस जेवेल अशी. तालमीनंतर ते मला एका दुकानात घेऊन गेले. मी नको म्हणाले. तेराव्याला ताटात वाढलेला लाडू तसाच ठेवून मी उठले होते आणि तेव्हापासून गोड तोंडात घातलं नव्हतं. साताऱ्यात ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. इथे रुपालीने एकदम माझ्याकडे पाहिलं, मग मनोहरकडे. ती, मनोहर आणि भाऊ, तिघांनीही आपापल्या बश्या योगेशपुढे सरकवल्या. तो एकटाच खाऊ लागला, मान खाली घालून, शिक्षा भोगल्यासारखा.

ते विसरावं म्हणून की काय, रुपालीने बँड कसा निघाला ते सांगायला घेतलं.

“नंदूदा कारखान्यातून यायचा आणि जिन्यावर बसून आमच्या बँडची प्रॅक्टिस ऐकायचा. एक दिवस बेस घेऊन खाली आला. काकांना म्हणाला, ते वरातीचं वाजवा. काका वाजवायला लागले, आणि हा मधेमधे बेस मारतोय. काका म्हणाले, चुकताय. हा म्हणाला, मुद्दाम.”

“आठवडाभर मी त्यायले सुधरवत होतो,” भगवानभाऊ म्हणाले. “शिकलेला मानूस, टाळी कशी येत नई याले?”

“मग?”

“मंग एक दिवस चुकीचंच गोड लागलं.”

“नाही, मनोहरकाका, आधी घोडीचं सांगा,” योगेश म्हणाला.

घोडीचं मनोहरनी सांगायचं होतं, पण ते चहात बघत राहिले, म्हणून रुपालीनेच सांगितलं. रोज संध्याकाळी नंदूबरोबर उलटं वाजवून मनोहरच्या अंगात ते भिनलं. एका खऱ्या वरातीत, शनवाऱ्याच्या दरवाजाखाली, त्यांनी सवयीने ट्रॉम्बोन मधल्या जागेत टाकला. नवरदेवाची घोडी ठेक्यावर नाचायला शिकवलेली होती. तिने पुढचा एक पाय उचलला आणि तो खाली कधी ठेवायचा ते तिला समजेना. ती तशीच उभी. वर नवरदेव, खाली घोडीवाला शिव्या देतोय, मागे सगळी वरात अडकलेली.

“घोडी घाबरली होती?” मी विचारलं.

“घाबरली नई,” मनोहर म्हणाले. “विचार करत होती.”

त्या दिवशी मी बऱ्याच काळाने हसले. नंदू घरी यायचा तेव्हा हे का सांगत नसे, याचाही विचार मनात आला. कदाचित सांगितलं असतं तर आम्ही विचारलं असतं, लग्न कधी करतोस.

नवरीकडचे चिडले, पण नवरदेवाचे मित्र भाऊंभोवती जमले: ते मघाचं पुन्हा वाजवा. बँड त्या दरवाजाखाली निघाला, असं रुपालीचं म्हणणं. योगेश म्हणतो, तो गिटार घेऊन आला त्या दिवशी निघाला. रुपालीला वरातीत रस्त्यावर वाजवू द्यायला तिचे वडील तयार नव्हते. स्टेजवर बसून वाजवायचं म्हटल्यावर हो म्हणाले. गेली दोन वर्षं त्यांनी हळदी, गणपती, खकनारला एक दुकान उघडलं ते उद्घाटन, कॉलेजचं गॅदरिंग, असं मिळेल तिथे वाजवलं. गाणी नंदू आणि योगेश मिळून लिहीत, इथल्याच भाषेत: वीज जाण्यावर, केळीच्या ट्रकमागे अडकण्यावर, मुलगी बघायला जाण्यावर.

आणि आता इंदूरहून बोलावणं आलं होतं. एका हॉलमध्ये नव्या बँडचा कार्यक्रम, येत्या शनिवारी. “दीदी, तिथे कोणाचं लग्न नाही,” योगेश म्हणाला. “हळद नाही, गणपती नाही. लोक फक्त ऐकायला येणार. पहिल्यांदा.”

भगवानभाऊ उठले आणि हात धुवायला गेले. त्यांनी काही खाल्लं नव्हतं.

तुकईथड

बँडचा मोठा स्पीकर तुकईथडला योगेशच्या काकांकडे पडला होता. इंदूरला जायचं तर तो आणायला हवा. मी म्हणाले, मीही येते. खोलीत बसण्यापेक्षा बरं. काकांचा टेम्पो स्पीकर घेऊन मागून येणार होता, म्हणून आम्ही गाडीवर गेलो. या वेळी मी पाय लांब धरला.

खकनारच्या पुढे दोन्ही बाजूंना केळी. आमच्याकडे ऊस असतो तशी, पण उसातून वारा सळसळतो. केळीची फाटलेली पानं नुसती फडफडतात, कोणी तरी मागे येत असल्यासारखी. बागांमधून गारवा येतो आणि बाग संपली की ऊन तोंडावर आदळतं. दर थोड्या अंतराने गार, गरम, गार, गरम. योगेश वाटेत गाणं गुणगुणत होता आणि ट्रम्पेटची ओळ आली की तोंडाने वाजवत होता.

काकू ओसरीवर केळीचे वेफर तळत होत्या. जेवायला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी, भरीत, शेवेची भाजी आणि कच्चा कांदा. आमच्याकडे शेव वर भुरभुरवतात. इथे ती तिखट रश्शात शिजते आणि तरी भाजीच म्हणवते. माझ्या घोट्याकडे पाहून काकूंनी न विचारता कोरफड चिरून बांधली.

बँडचा पहिला कार्यक्रम याच अंगणात झाला होता, काकूंच्या मुलीच्या हळदीला. “मामालोक नाचायले उठले आन् खाली बसले,” त्या म्हणाल्या. “पाय कुठं टाकावा समजेना. एक मामा म्हणे, गाडी पंचर झाली का? मंग पोरायनं उड्या मारायले सुरुवात केली. सगळे वर असताना ढोल, खाली येताना गिटार. माझ्या हातची हळद सांडली, पन मी बी दोन उड्या मारल्या. तुमचा नंदू हसत होता माझ्याकडं पाहून.”

मग त्यांनी आवाज खाली केला. “गंधमुक्ती कुठं केली? साताऱ्यालेच?”

मी म्हणाले, “गंधमुक्ती म्हणजे?”

काकूंनी झारा कढईवर धरला तसाच ठेवला. योगेश पटकन उठून अंगणात गेला.

“तुमच्याकडं करत नईत?”

“दहावं, बारावं, तेरावं केलं.”

“आन् गंध?”

मी मान हलवली. मग त्यांनी सांगितलं. इकडे दिवस झाले की सोयरे, म्हणजे लग्नाच्या नात्यातले, येतात आणि घरच्यांच्या कपाळाला गंध लावतात. मग घरचे भाऊबंदांना लावतात, ज्यांनी ज्यांनी सुतक धरलं त्यांना. तेव्हा ते सुटतात. त्यानंतर रोज कपाळाला गंध-कुंकू लावायचं, गोड खायचं, देवाला जायचं, गायचं-वाजवायचं. “भगवाननं धरलंय ना नंदूचं. मनोहरनं, त्या पोरीनं बी. भाऊच होता म्हनतो तो. मी म्हनलं त्याले, आता चार महिने झाले, धुऊन टाक. तो म्हने, घरचं कपाळ कोरं असंल तर मी कसं लावू?”

मला आधी भाऊंची खाली गेलेली नजर आठवली, मग सरकवलेल्या बश्या. मी उगाचच उभी राहिले आणि परत बसले.

“पण ते लग्नात वाजवतात,” मी म्हणाले.

“ते त्यालेच विचारा, बाई.”

परतीच्या वाटेवर मी योगेशला गाडी थांबवायला लावली. एका बागेच्या कडेला, जिथे घड कापून झाडं आडवी पाडली होती.

“तुला माहीत होतं.”

“होतं.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“दीदी, तुमचा भाऊ गेलाय. तुम्ही सामान न्यायला आला. आणि आम्ही म्हणायचं, आमचा प्रोग्राम आहे, जरा गंध लावून द्या? शोभतं का? आणि मी मानत नाही हे सगळं. नंदूदा पण मानत नव्हता. मी भाऊंना पहिल्याच दिवशी बोललो होतो, माझ्या कपाळाचं मी बघतो.”

“इंदूरचं काय करणार?”

“इंदूरमध्ये वाजवणारे भाड्याने मिळतात. एक ट्रम्पेट, एक ट्रॉम्बोन. कागद समोर ठेवला की वाजवतात.”

“आणि भाऊ?”

त्याने बुटाने केळीच्या बुंध्याचं एक सोपट लांब उडवलं. “भाऊ मग परत येणार नाहीत. रागाने नाही. शांतपणे येणार नाहीत. मनोहरकाका पण. आणि रुपाली काकांना सोडून येईल? मग उरलं काय? मी आणि स्पीकर.”

आम्ही पुढे निघालो. माझ्या डोक्यात मात्र बँड नव्हता. माझ्या डोक्यात एवढंच होतं की सगळ्यांचं माझ्यावर अडलं आहे, आणि मला ते करायचं नाही. घरी आई पुन्हा जेवू लागली, वडील पेपर वाचू लागले. मी एकटीने तो लाडू ठेवून दिला होता. ते सुतक मी मानत होते असं नाही. पण ते संपलं असं कोणी माझ्या कपाळावर लिहावं, हे मला नको होतं.

राजघाट

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तापीवर गेले. राजघाटाच्या पायऱ्या मोठ्या आहेत, बसायला केलेल्या, पण मी त्या चढत-उतरत राहिले. नदी उन्हाळ्याची, मधले खडक उघडे पडलेले. बायका पाण्यात दिवे सोडत होत्या. आमच्याकडे कृष्णेला असंच सोडतात. मला ते कधी जमलं नाही, दिवा दिसेनासा होईपर्यंत मी पाहत बसते आणि बरोबरचे लोक कंटाळतात.

भगवानभाऊ तिथे पोहायला येतात हे मला माहीत नव्हतं. ओल्या पंचाने केस पुसत ते दोन पायऱ्या खाली थांबले.

“योगेश बोलला राती,” ते म्हणाले. “ताई, तुमच्यावर काई नई. तुमची रीत येगळी. तुम्ही सामान घ्या आन् सुखानं जा.”

“तुम्ही लग्नात वाजवता, भाऊ.”

“ते पोटाचं. पोटाले सुतक नसतं. बारा मानसं आहेत माझ्याकडं, त्यायचं घर चालतं. ते दुसरं, उलट्या ठेक्याचं, मनाचं हाय.” त्यांनी पंचा पिळला. “नंदूभाऊनं मले ते लावून देलं. तीस वर्षं मी लोकायच्या मागं चालत वाजवलं. कोनी तोंड फिरवून पाह्यलं नई. सगळे नवरदेवाकडं पाहतात. त्यानं मले म्हनलं, भाऊ, आपन उभं राहून वाजवू, लोक आपल्याकडं तोंड करतील. आता त्याचं सुतक न फेडता मी तिथं उभा राहू? माझ्याच्यानं फुंक निघनार नई.”

“आणि मी आधी लावून घेतलं पाहिजे.”

“रीत तशी हाय. पन तुमची इच्छा नसंल तर नई.”

“इच्छा नाही, भाऊ,” मी म्हणाले.

“हाव,” ते म्हणाले, आणि त्यांनी पंचा झटकून खांद्यावर टाकला. मग ते म्हणाले, “माझी बी नई. गंध लागलं की तो गेलाच म्हनायचा.”

हे त्यांनी सांगेपर्यंत मला वाटत होतं की ते सुटण्याची वाट पाहत आहेत.

पायऱ्या चढून वर आल्यावर मी विचारलं, गंध उगाळायला सहाण दुकानात आहे का. ते म्हणाले, देवाजवळ आहे.

सहाण

दुपारच्या आत सगळे दुकानामागच्या खोलीत जमले. रुपाली अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून आली. भाऊंनी स्वतः चंदन उगाळलं. मी पाटावर बसले. आणि मग सगळे थांबले, कारण एक गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. घरच्यांना गंध सोयऱ्याने लावायचं असतं. नंदूचं लग्न झालेलं नव्हतं. इथे सोयरा आणायचा कुठून?

“शेजारचं कोनी बोलवू का?” भाऊ म्हणाले.

“शेजारच्यांचा काय संबंध, काका?” रुपाली म्हणाली.

मनोहर भिंतीला टेकून होते. “ज्याले सुतक नई त्यानं लावावं,” ते म्हणाले. “योगेशले नई. तो सोताच म्हनतो.”

सगळे योगेशकडे वळले. तो दारात गिटार गळ्यात घालून उभा होता. “मला यात ओढू नका. मी मानत नाही, सांगितलंय ना.”

“म्हणून तर तू,” रुपाली म्हणाली. “चार महिने ऐकतेय, मी मानत नाही, मी मानत नाही. आज कामाला ये ना मग.”

“अरे पण मी—”

“जिलबी कोण खात होतं त्या दिवशी? भूत?”

त्याने गिटार काढून ठेवली. माझ्यासमोर गुडघ्यांवर बसला, सहाणेत बोट बुडवलं आणि हात मधेच धरून ठेवला. बोटावरचं गंध वाळायला लागलं. पुन्हा बुडवावं लागलं. मला उठून खिडकीशी जावंसं वाटत होतं. त्या खोलीला खिडकी नाही. त्याने लावलं ते मधोमध नव्हे, डाव्या भुवईवर, तिरकं. गार लागलं. बस, एवढंच. नंदू त्याआधीही नव्हता आणि नंतरही नव्हता.

मग मी भगवानभाऊंना लावलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मग मनोहरना, मग रुपालीला. भाऊंनी “झालं” म्हणून सहाण उचलली.

“मला?” योगेश म्हणाला.

भाऊंना आधी समजलं नाही. “तुले कायले? तुले कुठं सुतक होतं?”

तो तसाच गुडघ्यांवर होता. “होतं, भाऊ.”

पॉवरलूमची खटखट गोधड्यांमधून ऐकू येत होती.

“पहिल्या दिवसापासून,” तो म्हणाला. “ती जिलबी मी घरी जाऊन ओकलो.”

रुपालीने आपल्या कपाळाकडे हात नेला आणि मधेच थांबवला. मलाही हिशेब समजला. याला सुतक होतं, तर याने मला लावलेलं गंध खोटं. माझं खोटं, तर मी लावलेली तिन्ही खोटी. रीतीने पाहिलं तर खोलीतली सगळी कपाळं पुन्हा कोरी झाली होती.

मनोहरनी खाकरून घसा साफ केला. भगवानभाऊ सहाण हातात धरून योगेशकडे पाहत होते. मग त्यांनी एकेकाकडे पाहिलं.

“हा काई बोलला का आता?”

“नई,” मनोहर म्हणाले.

“मी नाही ऐकलं,” रुपाली म्हणाली.

ते माझ्याकडे वळले. सोळा वर्षं मी ग्रंथालयात काम करते आणि रजिस्टरात पुस्तकाला खोटी, मागची तारीख घालणंही मला जमत नाही. पण मी म्हणाले, “नाही, भाऊ. काहीच बोलला नाही.”

त्यांनी सहाण माझ्यापुढे धरली. मी योगेशच्या कपाळाला गंध लावलं. हात स्थिर होता, मधोमध लागलं. तो उठला, गिटार गळ्यात घातली, आणि तार जुळवायला म्हणून भिंतीकडे तोंड करून बराच वेळ उभा राहिला.

भाऊंनी ट्रम्पेटचं फडकं सोडलं. मनोहरनी ट्रॉम्बोनची नळी पुढे-मागे करून पाहिली, ती अडत होती, तिला तेल लावलं. रुपालीने काठ्या एकमेकींवर आपटून चार मोजले. गाणं केळीच्या ट्रकवरचं होतं. योगेशने पहिल्या कडव्याचे निम्मेअधिक शब्द गाळले, गिटार तेवढी वाजवली. मग दोघं हात रोखून थांबले, आणि या वेळी त्या जागेत ओळ आली, त्या लहान खोलीत मावेना एवढी मोठी. मनोहर पहिल्याच वळणावर चुकून सरळ ठेक्यात गेले, वरातीच्या. भाऊंनी वाजवता वाजवता त्यांच्याकडे डोळे वटारले. कोणी थांबलं नाही.